भुऱ्याचा शब्द

थोरल्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते त्या दिवसाची गोष्ट. मुलाचे वडील माळकरी, कपाळाला बुक्का, बोलणं मोजकं. मी दारात सामोरा गेलो, हात जोडले, "या, बसा" म्हणालो. ते बसले. इतके चटकन आणि इतके ताठ बसले, की माझ्या तोंडून "शाब्बास!" गेलं आणि हात आपोआप खिशात जाऊन बाहेर आला.

माझ्या खिशात वाळवलेल्या कलेजीचे तुकडे असतात. त्यातला एक मी व्याह्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. "सुपारी का?" असं म्हणून तोंडाकडं नेला. बायको पोहे घेऊन येत होती. तिनं पोह्यांची बशी त्यांच्या हातात दिली, त्याच झटक्यात तुकडा काढून घेतला आणि म्हणाली, "ती यांची औषधाची आहे, पित्तावरची." सोयरीक जुळली. व्याही अजून भेटले की आधी माझ्या पित्ताची चौकशी करतात. मी बरं आहे म्हणतो.

सांगायचं ते असं, की माझा धंदा हा असा हातात बसलेला आहे. मी कुत्री शिकवतो. आधी पंधरा वर्षं जनावरांच्या दवाखान्यात परिचर होतो. डॉक्टर सुई टोचेपर्यंत कुत्र्याचं तोंड धरून ठेवायचं, हे माझं काम. तोंड धरलेल्या कुत्र्याचे डोळे आपल्या डोळ्यांपासून वीतभर लांब असतात. इतक्या जवळून पंधरा वर्षं बघितल्यावर मला शंका यायला लागली, की आपण ज्याला चावरं, हट्टी, माजलेलं म्हणतो ते बहुतेक वेळा नुसतं घाबरलेलं असतं. मग वाचलं, मोबाइलवर बघितलं, पुण्याला जाऊन एका बाईंकडं दोन महिने शिकलो आणि परत येऊन धाराशिवात घरावर पाटी लावली. लोक 'कुत्र्यांचे मास्तर' म्हणायला लागले. लग्नपत्रिकांवर त्याचं 'कुत्रे मास्तर' झालं. आमच्या मेहुण्यानं तशी एक पत्रिका जपून ठेवली आहे.

परक्या माणसाला हा धंदा दोन वाक्यांत सांगता येतो. कुत्र्यानं आपल्याला हवं ते केलं, की त्याच क्षणी त्याला काहीतरी चांगलं मिळालं पाहिजे. नको ते केलं, तर काही मिळत नाही, पण मारही मिळत नाही. एवढंच. अवघड आहे ते माणसाला शिकवणं. सोनारीकडचे एक गृहस्थ आले होते. भैरवनाथाचं वाहन म्हणून कुत्र्याला पाय लागला तरी नमस्कार करणारे. मी म्हटलं, मारायचं नाही. ते म्हणाले, "म्या कुठं मारतो? पर जरा हळू मारलं तर चालंल का?" उमरग्याचे एक व्यापारी म्हणाले, कुत्र्याला फक्त आमच्या मेव्हण्यावर भुंकायला शिकवा. मी म्हटलं, मग मेव्हण्यांना आठवडाभर शिकवणीला पाठवा. मेव्हणे आले. तेव्हा कळलं, की साऱ्या घरात कुत्र्याशी हळू आवाजात बोलणारे तेवढे एकटेच. कुत्रं त्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपलं. व्यापारी माझ्यावर अजून नाराज आहेत.

दिवाळी अंकवाल्यांनी मला अशाच गमती लिहायला सांगितल्यात. दोन-तीन लिहिल्या. पण पुढची लिहायला घेतली की भुऱ्या येऊन समोर बसतो. तेव्हा आता त्याचंच लिहितो.

तेरच्या पुढं, तेरणेच्या काठानं गेलं की एक वस्ती लागते. तिथं मावशी राहायच्या. साठी उलटलेल्या, विधवा. मुलगा दत्ता आणि सून तेर गावात, त्याचं खताचं दुकान. मावशी मात्र वस्तीवर, बारा शेळ्या आणि एक कुत्रं घेऊन. त्यांचं आधीचं कुत्रं चोरांनी मारलं होतं. दुपारी मावशी ओढ्याकडं गेलेल्या, कुणीतरी औषध घातलेला वडा टाकला आणि तीन शेळ्या नेल्या. त्यानंतर त्यांनी एक पिल्लू आणलं, मातकट रंगाचं, म्हणून नाव भुऱ्या. ते वर्षाचं झाल्यावर दत्ता माझ्याकडं आला. म्हणाला, परक्याच्या हातचं खायचं नाही, एवढं त्याला शिकवा.

हे शिकवता येतं. मुठीत भाकरीचा तुकडा धरायचा. कुत्रं मूठ हुंगतं, चाटतं, पंजा मारतं. आपण गप्प. शेवटी कंटाळून ते क्षणभर नाक मागं घेतं. तोच क्षण. "शाब्बास!" म्हणून दुसऱ्या हातातला तुकडा द्यायचा. मग उघड्या तळहातावर, मग जमिनीवर, मग परक्या माणसाच्या हातून. आणि खायचं कधी, तर ठरलेला एक शब्द कानावर पडला म्हणजे.

मी दर रविवारी एसटीनं तेरला जायचो. पहिल्याच दिवशी मावशींना म्हटलं, "आपला शब्द असेल 'घे'. मी सगळ्या कुत्र्यांना हाच शिकवतो."

मावशी शेळीचं दूध काढत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मास्तर, 'घे' तर समदेच म्हनत्यात. चोर काय 'नगं खाऊ' म्हणून वडा टाकंल व्हय?"

मी उभ्या जागी गार झालो. तोवर मी जिल्हाभर कितीतरी कुत्र्यांना मन लावून 'घे' शिकवून ठेवलं होतं. म्हणजे चोरांचंच काम सोपं केलं होतं. पण मास्तर म्हटल्यावर लगेच हार कशी मानायची? मी म्हणालो, "बरोबर. तुमची परीक्षाच घेत होतो."

"आसं व्हय?" मावशी म्हणाल्या. "मंग पास झाले का म्या?"

दुसरा शब्द ठरवायचा झाला. असा, की जो भाकरी टाकताना परक्या माणसाच्या तोंडात कधीच येणार नाही. मी दोन-तीन सुचवले. मावशींनी एकही घेतला नाही. जरा वेळानं म्हणाल्या, "हाय एक शब्द. पर तुमाला न्हाय सांगायची."

मला ते फार आवडलं. इतकं, की मी त्याचा नियमच करून टाकला. "मला सांगूच नका. दत्तालाही नको, सुनेलाही नको. शब्द फुटला की त्याची ताकद गेली." हे मी बोट वर करून सांगितल्याचं मला स्पष्ट आठवतं. मग तो शब्द बोलायची वेळ आली की मावशी पदर तोंडापुढं धरायच्या, भुऱ्याच्या कानाशी वाकायच्या आणि काहीतरी पुटपुटायच्या. मी शिक्षक असून त्या वेळी पाठ करून कुंपणाकडं बघत उभा राहायचो. वळून पाहिलं की ताटली रिकामी आणि मावशी खाली मान घालून लेंड्या गोळा करत असायच्या.

भुऱ्यासारखं कुत्रं मी पुन्हा पाहिलं नाही. पाच रविवारांत तो तयार झाला. सहाव्या रविवारी मी मटणाची परात त्याच्यापुढं ठेवून मोबाइलवर चित्रण केलं. दत्ता "घे, घे" म्हणत होता, मी म्हणत होतो, शेजारच्या वस्तीवरचा गडी म्हणत होता. भुऱ्या ढिम्म बसलेला. तोंडातून लाळेच्या दोन तारा जमिनीपर्यंत आलेल्या, नजर एकटक परातीवर, अंग थरथरतंय, पण तोंड घालत नाही. ते चित्रण मी दोन वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवलं. लाळेच्या तारांकडं बोट करून सांगायचो, "बघा. याला म्हणतात शिक्षण."

मग एका सोमवारी सकाळी मावशींना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दत्तानं त्यांना आधी धाराशिवला आणि तिथून सोलापूरला हलवलं. तिथं एका नातलगाला बसवून तो परतला, शेळ्या आणि भुऱ्या तेरच्या घरी आणले. मला यातलं काही माहीत नव्हतं. बुधवारी सकाळी मी उमरग्याच्या गाडीत बसत होतो. तिथल्या एका डॉक्टरांनी आपल्या घरासमोरच्या मैदानात माझं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. दोन दिवस, मांडव घालून, गावातले पन्नास-साठ कुत्रेवाले बोलावून. नवा शर्ट घातला होता. तेवढ्यात फोन वाजला. माझ्या फोनात दत्ता चार जण आहेत, म्हणून 'दत्ता लिंबराज, तेर' असं पूर्ण टाकलेलं. तेच नाव पडद्यावर आलं.

"मास्तर, आईला लकवा मारलाय. बोलता येईना तिला." मग म्हणाला, "आन् त्ये भुऱ्या खात न्हाय ओ. परवापासनं."

मावशींचं ऐकून मला वाईट वाटलं, ते मी म्हणालोही. पण भुऱ्याचं ऐकलं आणि, काय सांगू, मी हसलो.

"न्हायच खाणार! दत्ता, माझं शिक्षण आहे ते. बघितलंस का? धनीण नाही तर अन्न नाही!"

"पर शब्द कंचा हाय?"

"तो मलाही माहीत नाही. तीच तर गंमत आहे." बसमधले दोघं-तिघं माझ्याकडं बघत होते. मला ते बरं वाटत होतं. "काळजी करू नको. भूक अनावर झाली की खाईल आपोआप. परवा येतो मी."

हे सगळंच खोटं होतं असं नाही. कुत्रं कायमचं उपाशी राहत नाही, शिक्षण कितीही पक्कं असलं तरी भुकेपुढं ते कधीतरी मोडतं. पण ज्याची धनीण डोळ्यांदेखत गाडीत घालून नेली, ज्याला वस्तीवरून उचलून अनोळखी अंगणात बांधलं, त्या कुत्र्याचं पोट तसंही मिटलेलं असतं. हे मला माहीत होतं. शिकवणीत मी हे दरवेळी सांगतो. त्या सकाळी नाही सांगितलं. तेरला जाऊन बंद मुठीपासून पुन्हा सुरुवात केली असती, तर शब्दावाचूनही अर्ध्या तासात त्यानं माझ्या हातून खाल्लं असतं. धाराशिवहून तेर ते केवढं. पण उमरग्याला मांडव घातला होता.

गुरुवारी दुपारी माझ्यासमोर एक लॅब्राडोर चिकनच्या ताटलीपुढं बसला होता. लोक टाळ्या वाजवत होते आणि खिशात फोन थरथरत होता. काढून बघितला. 'दत्ता लिंबराज, तेर'. वाटलं, तेच विचारणार. परत ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा थरथरला. तेव्हा काढलाही नाही.

पाचच्या सुमारास मांडवामागं चहा घेताना मी उलट फोन लावला.

"आता नगा येऊ मास्तर," दत्ता म्हणाला.

झालं होतं ते असं. गुरुवारी सकाळी सुनेनं भुऱ्यापुढं दुधात कुस्करलेली भाकरी ठेवली. दूध पातळ होतं, पाण्यासारखं. त्यानं वास घेतला आणि मागं सरला. तोंडातून लाळ गळायला लागली. मग वाटीकडं एकटक बघत तो थरथरत उभा राहिला. शेजारच्या म्हाताऱ्यानं ते कुडावरून बघितलं. "चार दिस खात न्हाय, पान्याला भितंय, लाळ गळतीय. आरं, पिसाळलंय त्ये!" घरात दत्ताची दोन लहान मुलं. गल्ली जमली. दत्तानं मला फोन लावला. पुन्हा लावला. मग त्यानं काठ्या आणलेल्या लोकांना 'थांबा' म्हणायचं सोडून दिलं.

दत्ताचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पिसाळलेल्या कुत्र्यानं मुलाला ओरखडा जरी काढला तरी काय होतं, ते मी दवाखान्यात डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि खात नाही, लाळ गळते, एकटक बघतं, या तीन गोष्टी दिसल्या तर लांब राहा, हे मीच पंधरा वर्षं खिडकीत उभा राहून लोकांना सांगत होतो. मग त्याच तीन गोष्टी एका धडधाकट कुत्र्याला शिकवल्या आणि त्यांचं चित्रण करून जिल्हाभर दाखवलं. दोन्ही मीच. मला मधला सांधा कधी दिसला नाही.

"भुंकला का तो?" मी विचारलं.

"न्हाय. बसूनच व्हता. वाटीफुडं."

मी तेरला गेलो नाही. जाईन जाईन म्हणत पोळा गेला, दसरा गेला. गिऱ्हाइकांना ते चित्रण दाखवणं बंद केलं, विचारलं तर फोन बदलला म्हणून सांगितलं. ज्या ज्या कुत्र्यांना शब्द दिला होता त्यांच्या घरी फोन करून सांगितलं, की घरात किमान तिघांना शब्द माहीत हवा आणि एका कागदावर लिहून तो पिठाच्या डब्यात ठेवा. एकानं विचारलं, "मास्तर, तुम्हीच तर सांगितलं होतं, कुणाला सांगू नका?" मी म्हटलं, चुकून सांगितलं होतं.

दिवाळीच्या आधी दत्ताचा फोन आला. मावशींना थोडं थोडं बोलता येतंय, आणि त्या मला बोलावतायत. गेलो. मावशी अंगणात बाजेवर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर परक्याचा ठेवावा तसा ठेवलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं. त्या निम्म्या झाल्या होत्या. मी पाया पडलो.

"किती दिस… उपाशी?" त्यांनी विचारलं. शब्द जड, ओला येत होता.

"चार, मावशी."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "तुमी… हसलात म्हनं. फोनवर."

आयुष्यात मला कुत्री चावली आहेत, मालक भांडलेत, एका बाईंनी चप्पल फेकून मारली आहे. असं कधी लागलं नव्हतं. मी "हो" म्हणालो.

त्यांनी ते तिथंच सोडलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला जरा सोपं गेलं असतं. शेवटी मीच विचारलं, "मावशी, शब्द कोणता होता?"

त्यांनी आधी सुनेकडं बघितलं. "च्या टाक," म्हणाल्या. सून आत गेली. दत्ता दुकानात होता. तरी मावशींनी डाव्या हातानं पदर ओढून तोंडापुढं धरला, तसाच, पूर्वीसारखा. या वेळी मी पाठ केली नाही.

"लिंबराज," त्या म्हणाल्या.

मला कळायला क्षणभर लागला. लिंबराज, दत्ताचे वडील. मावशींचे मालक. आमच्याकडच्या जुन्या बायका मालकाचं नाव तोंडानं घेत नाहीत, मालक गेल्यावरही नाही. मावशी तर दारच्या लिंबालाही 'कडू झाड' म्हणायच्या आणि मला वाटायचं, त्यांची ही बोलायची एक लकब आहे. परक्या माणसाच्या तोंडी येणार नाही असा शब्द मागितला होता मी. त्यांनी स्वतःच्याच तोंडी एरवी कधी न आलेला दिला. आणि तो माझ्या खिशात होता. बुधवारी सकाळी पडद्यावर आला, गुरुवारी दोनदा आला, एकदा मी त्यावर अंगठा फिरवून फोन परत ठेवला, एकदा काढलाही नाही.

"लग्नात… उखान्यात घेतलं व्हतं," मावशी सांगत होत्या, एकेक शब्द शोधून. "मंग… भुऱ्याफुडं. रोज. सकाळ… आन् सांच्याला." डोळ्यांत पाणी आलं होतं, पण अर्ध्या ओढलेल्या तोंडावर जे होतं ते हसू होतं की काय, मला सांगता येणार नाही. कुत्र्याच्या चेहऱ्यावरचं मला कळतं. माणसाचं नाही.

सून चहा घेऊन आली तशा त्या गप्प झाल्या. निघताना मी म्हटलं, दुसरं पिल्लू आणून देतो, मी स्वतः शिकवतो, शब्द तुम्हाला हवा तो. त्यांनी डावा हात नुसता हलवला. नको.

घरी आलो तेव्हा बायको ओसरीवर मेथी निवडत होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. फोन, मांडव, टाळ्या, तो शब्द. माझ्या हसण्याचं तिला मी तोवर सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. ती ऐकत होती, हात चालू होते. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, काहीतरी बोल. चूक माझीच होती असं तरी म्हण.

तिनं एक जुडी संपवली, काड्या बाजूला केल्या.

"रोज दोनदा म्हणाल्या?"

"हो. सकाळ-संध्याकाळ."

"अहो," ती म्हणाली, "कुत्रं तर गेलंच. पण आता ती बाई त्यांचं नाव कुणापुढं घेणार?"